ट्रक जुना आहे म्हणून तापत नाही

खंबाटकी घाटात एखादा जुना ट्रक वाफा सोडत उभा राहिला की अर्ध्या तासात त्याचा व्हिडिओ मोबाईलवर फिरायला लागतो. मागं गाड्यांची रांग, पुढं बाटलीनं रेडिएटरवर पाणी मारणारा क्लीनर, आणि खाली ठरलेल्या कमेंटा. "असले खटारे भंगारात घाला." "आरटीओ झोपलंय का?" "टोल आम्ही भरायचा आणि घाट यांनी अडवायचा?" जोडून सुट्टी आली, पुण्याहून महाबळेश्वरला निघालो आणि दोन तास घाटात अडकलो, तर राग येणारच. तो मला कळतो.

पण मला भांडायचंय ते याच कमेंटांशी. आणि भांडण झाल्यावर ट्रकमालकांशी, माझ्या मिस्त्री मित्रांशी आणि कारखान्यांच्या संचालकांशी पण. पोस्ट मोठी आहे. वेळ नसेल त्यांनी एवढंच वाचून पुढं जा: वीस वर्षांचा ट्रक नीट थंड राहू शकतो आणि सहा वर्षांचा ट्रक घाटात उकळू शकतो. फरक वयाचा नाही. आतल्या पाण्याकडं शेवटचं कुणी कधी बघितलं, याचा आहे.

आधी घाटाचा हिशोब. डिझेल जळून जी उष्णता तयार होते तिचा साधारण तिसरा हिस्सा गाडी ओढायच्या कामाला येतो. तिसरा हिस्सा सायलेन्सरमधून जातो. आणि उरलेला बराचसा हिस्सा पाण्यानं उचलून रेडिएटरपर्यंत न्यायचा आणि वाऱ्यात सोडायचा असतो. सपाटीला गाडी पन्नास-साठनं पळते तेव्हा समोरून फुकटचा वारा मिळतो. पुण्याकडून येणारी वाहतूक खंबाटकी चढते (साताऱ्याकडून पुण्याला जाणारे बोगद्यातनं निघून जातात, म्हणून त्यांना हे दुखणं कमी माहीत). चढाला दुसऱ्या गिअरमध्ये, दहा-पंधराच्या वेगानं, इंजिन सगळा जोर लावतंय आणि समोरचा वारा जवळजवळ बंद. तिथं भिस्त फक्त फॅन, पाण्याचा पंप आणि रेडिएटर यांच्यावर. सपाटीला महिनोन्महिने लपलेला आजार घाट दहा मिनिटांत बाहेर काढतो. घाट म्हणजे गाडीची परीक्षा आहे, आणि आपण नापास झालेल्याचा अभ्यास न बघता जन्मतारीख बघतोय. खंबाटकीच्या नव्या जुळ्या बोगद्यांचा उद्देशच चढण हलकी करण्याचा आहे, ठीक आहे. पण कराड-चिपळूणचा कुंभार्ली आणि वाई-पाचगणीचा पसरणी कुठं जाणार आहेत?

आता पाण्याकडं येतो, कारण खरी लाज इथं आहे.

कृष्णाकाठच्या माणसाला क्षार म्हणजे काय हे शिकवायला नको. मिरज, वाळवा, पलूस, तासगाव या तालुक्यांतली किती जमीन क्षारपड झाली हे आपण डोळ्यांनी बघतो. पांढरा थर आलेलं वावर, पिवळा पडलेला ऊस. बोअरचं पाणी चहाला चालत नाही म्हणून घरोघरी फिल्टर बसले. घरातल्या इन्व्हर्टरच्या बॅटरीला आपण दुकानातून डिस्टिल्ड पाणी विकत आणून घालतो. नळाचं घातलं तर बॅटरी जाईल हे शाळेतल्या पोराला माहीत आहे. आणि त्याच घरापुढं उभ्या असलेल्या पाच-सात लाखांच्या ट्रकच्या रेडिएटरमध्ये? बोअरचं. नाहीतर पाटाचं. नाहीतर ढाब्याच्या मागच्या हौदातलं.

त्या पाण्यातला क्षार गरम पत्र्यावर बसतो. चहाच्या भांड्याला बसतो तसाच. इंजिनच्या आत सिलिंडरभोवती थर धरला की आतली उष्णता पाण्यापर्यंत पोचत नाही, आणि रेडिएटरच्या बारीक नळ्या धरल्या की पाण्यातली उष्णता बाहेर जात नाही. वर गंज. कूलंट म्हणजे नुसतं रंगीत पाणी, कंपन्यांनी पैसे काढायची युक्ती, असं अजूनही मला तोंडावर सांगणारे मालक आहेत. "आमच्या आज्ज्यानं बेडफोर्डला विहिरीचं पाणी घातलं, काय झालं?" आजोबांची विहीर गोडी होती हो. आणि कूलंटचं मोठं काम गंज थांबवण्याचं आहे, रंग फक्त गळती दिसावी म्हणून. ज्या इंजिनांत लायनरला पाणी थेट लागतं तिथं साध्या पाण्यात लायनरच्या बाहेरच्या अंगाला बारीक खड्डे पडत जातात, आणि एक दिवस पाणी ऑइलमध्ये. मग गाडी खोलायचीच.

आमच्या भागात याला आणखी एक फाटा आहे, तो देशावर इतरत्र इतका नसेल. ऊसवाहतुकीचा ट्रक पाच महिने रात्रंदिवस पळतो आणि सात महिने गोठ्याशेजारी उभा राहतो. आत तेच साधं पाणी. सात महिने लोखंडात पाणी साठवून ठेवा आणि बघा काय होतं. पंपाचं सील कोरडं पडून कडक होतं, नळ्यांत गाळ बसतो, होज पाईप आतून सुटायला लागतो. दसरा झाला की गाडीला हार घालायचा, नारळ फोडायचा आणि थेट फडात. पहिल्या आठवड्यात गाडी पाणी फेकायला लागली की म्हणायचं, "गाडी म्हातारी झाली."

आणि त्याच आठवड्यात कारखान्यावर बॉयलर अग्निप्रदीपनाचा कार्यक्रम असतो. मंडप, सत्यनारायण, संचालक सपत्नीक पूजेला, दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो. माझा त्याला विरोध नाही. पण त्या बॉयलरमध्ये कुठलं पाणी जातं हे कधी विचारलंय? क्षार काढलेलं, प्रयोगशाळेत तपासलेलं. कारण बॉयलरच्या नळ्यांना थर धरला तर नळी फुटते आणि गळीत बंद पडतं, हे सातारा-सांगलीच्या प्रत्येक कारखान्यातल्या चीफ इंजिनिअरला झोपेतही माहीत आहे. म्हणजे ज्ञान गावात आहे. पाणी शुद्ध करायचं यंत्र गावात आहे. ते पाणी कारखान्याच्या भिंतीच्या आत आहे, आणि भिंतीच्या बाहेर गव्हाणीचा नंबर लागायची वाट बघत उभ्या असलेल्या ट्रकचा ड्रायव्हर हौदात बादली बुडवतोय. ऊस आणणारी गाडी थांबली तर गळीत थांबत नाही का? की गाडी मालकाची, म्हणून तिचं दुखणं मालकाचं?

मालकाचा तरी खिसा बघा. ऊसतोडीच्या टोळीसाठी मुकादमाला लाखांची उचल द्यायची, टोळी आली नाही की पैसे बुडाले. आपल्या दोन्ही जिल्ह्यांत किती वाहतूकदार या फसवणुकीत घर-जमिनीसकट अडकलेत, पोलीस ठाण्यांत जाऊन बघा. वर डिझेल, टायर, इन्शुरन्स, हप्ता. अशा माणसाला कूलंटचे चार-पाच हजार जड वाटतात हे खरं आहे. पण हेडचं काम निघालं तर आकडा पाच अंकी आणि इंजिन बांधायला काढलं तर लाखाच्या वर. ते पैसे तो देतोच की, उसनं काढून. आधीचे चार हजार जड आणि नंतरचा लाख नशिबाचा, हे गणित मला कधी पटलं नाही.

आता मिस्त्री लोकांनो, तुमच्याकडं येतो. रागावू नका, निम्मे तुम्ही माझे मित्र आहात आणि उरलेल्या निम्म्यांकडं माझी उधारी आहे.

"गाडी गरम होतीया" म्हणून कुणी आलं की पहिला सल्ला काय? "थर्मोस्टॅट काढून टाक, गार राहतीय." पन्नास वर्षं हा सल्ला वडिलांकडून पोराला चालत आलाय. थर्मोस्टॅट म्हणजे पाण्याच्या वाटेवरचा दरवाजा. इंजिन गार असताना तो पाणी रेडिएटरकडं जाऊ देत नाही, आतल्या आत फिरवतो, आणि साधारण ऐंशी अंशांच्या आसपास उघडायला लागतो. आता बऱ्याच इंजिनांत हाच वॉल्व्ह उघडताना आतल्या आत फिरणारी वाट बंद करतो. तो काढून टाकला की ती वाट कायमची उघडी. म्हणजे घाटात, जेव्हा थेंब न् थेंब रेडिएटरमधून जायला हवा, तेव्हा काही पाणी थंड न होताच परत इंजिनात फिरतं. गार राहावी म्हणून काढलेला भाग चढाला गाडी जास्त तापवतो. आणि सपाटीला रिकामी पळताना उलटं: इंजिन कधी पुरतं गरमच होत नाही. काटा साठच्या खाली. ड्रायव्हर खूश, "बघा कशी गार पळतीया." डिझेल नीट जळत नाही, धूर निघतो, न जळलेलं डिझेल ऑइलमध्ये उतरतं, रिंगा झिजतात, ॲव्हरेज पडतं. डिझेल इंजिनाला थंडपणा सुद्धा बाधतो, ही गोष्ट गॅरेजात कुणी बोलतच नाही. साताऱ्यात कूपरची इंजिनं बनली, गावोगावी ती ऐकत आपण मोठे झालो, आणि इंजिनाला ठराविक उष्णता लागते हे अजूनही सांगावं लागावं?

वॉल्व्ह खराब झाला असेल तर तपासायला काय लागतं? पातेल्यात पाणी, दोऱ्यानं टांगलेला वॉल्व्ह, गॅस आणि एक थर्मामीटर. उघडला तर ठीक, नाही उघडला तर नवा. चहा होईतोवर काम होतं.

दुसरी खोड म्हणजे न तपासता सामान बदलणं. वाळवा तालुक्यातल्या एका ओळखीच्या गाडीवाल्याची गोष्ट सांगतो. हंगामात गाडी फडातनं कारखान्यापर्यंत येईतो लाल काट्याला जायची. पहिल्या गॅरेजनं पाण्याचा पंप बदलला. दुसऱ्यानं रेडिएटर उतरवून नळ्यांत सळ्या घालून साफ केला. तिसऱ्यानं हेड गॅस्केट गेलं म्हणून हेड उतरवलं, प्लेन करून आणलं. गाडी तापायची ती तापतच राहिली. शेवटी एका म्हाताऱ्या मिस्त्रीनं रेडिएटर आणि त्याच्या पुढच्या इंटरकूलरच्या मधल्या फटीत हात घातला आणि मूठभर पाचटाचा भुसा काढला. मग आणखी मूठ. मग घमेलं. बाहेरनं जाळी धुतलेली, चकचकीत. मधे उसाच्या पाल्याची आणि मातीची गादी झालेली. वाऱ्याला वाटच नव्हती. फॅनभोवतीचं कडंही तुटून गेलेलं, त्यामुळं फॅन तोच गरम वारा गोल फिरवत बसलेला. तीन गॅरेजांत मिळून गेलेल्या पैशात दोन टायर आले असते. आणि तिघांपैकी एकानंही ड्रायव्हरला एक साधा प्रश्न विचारला नव्हता: बाबा, तापते कधी?

सगळं निदान त्या प्रश्नात आहे. उभ्या जागी, नंबरला, ट्रॅफिकमध्ये तापते आणि मोकळ्या रस्त्याला काटा खाली येतो? मग वारा कमी पडतोय. फॅन, बेल्ट, कडं, जाळीतला कचरा बघा, हेडला हात लावू नका. सपाटीला बरी आणि फक्त भरलेली चढाला तापते? मग रेडिएटर आतून चोक असेल, नाहीतर खालचा होज पाईप जोर लावला की आत चपटा होत असेल, नाहीतर ब्रेक धरून राहत असतील, क्लच घसरत असेल, पंपाचं टायमिंग चुकलं असेल. इंजिन जादा कष्ट का करतंय ते शोधा. कालपर्यंत ठीक आणि आज अचानक? बेल्ट तुटला, पाईप फुटला, वॉल्व्ह अडकला. रोज पाणी कमी होतंय पण खाली थेंब दिसत नाही? तिथं मात्र काळजी करा. सकाळी थंड गाडीचं झाकण काढून सुरू करा, रेस द्या. पाण्यात सारखे बुडबुडे येत असतील किंवा ऑइल दुधासारखं झालं असेल तर गॅस्केट किंवा त्याहून वाईट. आणि काटा अचानक खाली आला पण केबिनमध्ये भट्टी पेटलीय, तर खूश होऊ नका. पाणीच संपलं की सेन्सर कोरडा राहतो आणि काटा खोटं बोलतो. इंजिनं जाम होतात ती इथंच.

लांबून उष्णता मोजायची बंदूक आता हजाराच्या आसपास मिळते. कोविडमध्ये कपाळावर धरायचे तशीच, फक्त जास्त अंश मोजणारी. गरम रेडिएटरवर वरून खाली, डावीकडून उजवीकडं फिरवली की जिथं एकदम गार पट्टा लागतो तिथल्या नळ्या बंद. खोलायची गरज नाही. आपल्या दोन जिल्ह्यांतल्या किती गॅरेजांत ही आहे? स्वतः मोजून बघा. सगळं फिटिंग संपल्यावर पाणी भरताना हवा काढायची, हेही राहूनच जातं. विहिरीवरच्या मोटरीत हवा धरली की पाणी उचलत नाही, हे ज्या जिल्ह्यात १९१० साली किर्लोस्करवाडी उभी राहिली त्या जिल्ह्यातल्या शेतकऱ्याला सांगायचं का? ट्रकचा पाण्याचा पंप त्याच जातीचा आहे. हवा धरली की तोही नुसता फिरतो.

झाकणाबद्दल दोन ओळी, कारण त्यानं माणसं भाजतात. रेडिएटरचं झाकण नुसतं झाकण नसतं, ते आत दाब धरतं. साताऱ्याच्या उंचीवर उघडं पाणी ९७-९८ अंशांना उकळतं, महाबळेश्वरला ९५-९६ ला. झाकणानं अर्धा बार दाब धरला तर उकळी दहा-बारा अंश वर सरकते. घाटात तेवढंच अंतर तुम्हाला वाचवतं. झाकणाचं रबर गेलं, स्प्रिंग मेली, किंवा (हे मी रोज बघतो) झाकणाच्या जागी फडकं कोंबलं, की पाणी आधीच उकळून बाहेर. नवं झाकण म्हणजे दोन जणांच्या जेवणाचा खर्च. आणि तापलेल्या गाडीचं झाकण उघडायला कोण जातं? मालक नाही, मिस्त्री नाही. अठरा-वीस वर्षांचा क्लीनर जातो. दाब एकदम सुटतो आणि उकळतं पाणी थेट तोंडावर, छातीवर. असे भाजलेले हात मी पाहिलेत. गाडी कडेला घ्या, पाणी शिल्लक असेल तर थोडा वेळ रेस न देता चालू ठेवा, नसेल तर बंद करा, आणि मग वाट बघा. मागचे कितीही हॉर्न वाजवू देत. लालबुंद इंजिनावर गार पाणी ओतू नका, हेडला तडा जातो.

आता सरकार.

केंद्रानं अधिसूचना काढली की नव्यानं बनणाऱ्या, साडेतीन टनांवरच्या प्रत्येक मालवाहू ट्रकला एसी केबिन सक्तीची. नितीन गडकरींनी हा विषय लावून धरला, चांगलंच केलं, उशिरा केलं पण केलं. ड्रायव्हरला माणूस समजणारा निर्णय आहे. पण "बनणाऱ्या" हा शब्द परत वाचा. जत-आटपाडीच्या मे महिन्यातल्या उन्हात आज जे ट्रक पळतायत त्यातला ड्रायव्हर या कायद्यात कुठंच नाही. त्याच्या सीटशेजारी, गुडघ्यापासून वीतभर अंतरावर, पत्र्याच्या कव्हरखाली इंजिन आहे. कव्हरचं आतलं अस्तर केव्हाच झडलेलं, कडेचं रबर गेलेलं, क्लचच्या पेडलाशी भोक पडलेलं, त्यातनं गरम वारा पायावर. बाहेर चाळीस अंश असतील तर आत किती असतील याचा अंदाज करा. इंजिन तापायला लागलं की केबिन आणखी तापते, आणि त्याच माणसाकडून आपण अपेक्षा करतो की त्यानं पहाटे तीनला जागं राहावं.

"मग जुन्यालाही एसी बसवा." बसवता येतो, बसवतातही. पण एसीची जाळी बहुतेक वेळा रेडिएटरच्या पुढं येते, म्हणजे रेडिएटरला मिळणारा वारा आधीच गरम, आणि कॉम्प्रेसर इंजिनावरच चालतो. आधीच चोक असलेल्या गाडीला एसी लावणं म्हणजे दम्याच्या माणसाच्या खांद्यावर पोतं देणं. आधी इंजिन थंड करा. कव्हरला नवं अस्तर, कडेला रबर, भोकं बंद, सायलेन्सरच्या वाकाशी पत्र्याचा आडोसा, छताला पांढरा रंग. एसीच्या तुलनेत हा किरकोळ खर्च आहे आणि पायाचं भाजणं त्याच दिवशी थांबतं. यासाठी कुठल्या अधिसूचनेची वाट बघायचीय?

आणि फिटनेस. आठ वर्षांपर्यंत दोन वर्षांनी, त्यानंतर दरवर्षी गाडी पासिंगला न्यायची. तिथं ब्रेक बघतात, दिवे, स्टिअरिंग, हॉर्न, वायपर, धूर. बघायलाच हवं. पण भरलेली गाडी चढाला किती तापते, हे त्या तपासणीत येत नाही. ऑगस्ट २०२१ मध्ये भंगार धोरण आलं, जुन्या गाड्यांच्या पासिंगची फी वाढत गेली. म्हणजे सरकारलाही घाटात बंद पडलेल्या ट्रकवर औषध माहीत आहे ते एकच, कमेंटवाल्यांसारखं: वय. मी जुन्या गाडीचा भक्त नाही. चेसीस सडलेली, ब्लॉकला तडा गेलेली, काळा धूर ओकणारी गाडी भंगारातच गेली पाहिजे, आणि ती जाऊ नये म्हणून रडणाऱ्या मालकाला माझी सहानुभूती नाही. जुन्या इंजिनांचा धूर नव्यापेक्षा वाईट हेही मान्य. पण एकाच गाडीवर घर चालवणाऱ्याला नवा ट्रक घ्यायला लावून, कर्जात घालून, त्याच्या नव्या ट्रकमध्येही बोअरचंच पाणी जाणार असेल, तर सात-आठ वर्षांनी तोच माणूस त्याच घाटात उभा असेल.

ओव्हरलोडवर मात्र मालकांनी तोंड उघडू नये. २०१९च्या दुरुस्तीनंतर कायद्यात वीस हजार दंड आणि वरच्या प्रत्येक टनाला दोन हजार आहेत. तरी खेपा कशा भरल्या जातात ते सगळ्यांना दिसतं, काट्यावर तर आकड्यात दिसतं. ज्या वजनासाठी रेडिएटर बनवला त्याच्या वर पाच टन टाकायचे आणि गाडी तापली की ड्रायव्हरच्या हिशोबातनं पैसे कापायचे. हा सरळ अन्याय आहे, त्याला धंद्याची अडचण म्हणू नका.

मला काय हवंय ते सांगतो, स्वप्नं नाहीत. कारखान्याचा वाहतूक करार होतो तेव्हा गाडीची कागदपत्रं बघतात. तेव्हाच यार्डात अर्धा तास गाडीचं पाणी, झाकण, बेल्ट, जाळी बघा. माणसं कुठनं आणायची? सातारा, कराड, सांगली, मिरज इथल्या आयटीआयची डिझेल मेकॅनिकची पोरं बसलीयत की, त्यांना आठवडाभर यार्डात आणा, त्यांचंही शिक्षण होईल. बॉयलरसाठी शुद्ध केलेल्या पाण्याची एक टाकी गेटवर ठेवा, ऊसवाल्या गाड्यांना फुकट, आणि शेजारी मापानं कूलंट, पैसे वाहतूक बिलातनं कापून घ्या. घाटाच्या पायथ्याला ट्रक सुरक्षित थांबेल अशी जागा आणि पाण्याचा नळ द्या. आणि ज्यानं न विचारता थर्मोस्टॅट काढून फेकला त्या मिस्त्रीला, मालकांनो, तुम्ही पैसे देऊ नका.

कारखान्यांच्या वार्षिक सभा गळीत सुरू व्हायच्या आधी होतात. तिथं दर, काटा, साखरवाटप यावर गोंधळ होतो, माईक ओढले जातात, अर्ध्या तासात सगळे विषय मंजूर. या वर्षी तुमच्यापैकी कुणी सभासद असेल तर एक प्रश्न लेखी द्या, म्हणजे टाळता येणार नाही: "आपल्या कारखान्याच्या बॉयलरमध्ये जे पाणी वापरले जाते ते ऊसवाहतुकीच्या वाहनांना रेडिएटरसाठी देण्यास संचालक मंडळाची काय हरकत आहे?" उत्तर काय आलं ते इथं कमेंटमध्ये टाका. कारखान्याचं नाव घालून.